सादळलेले दिवस

चिवडा तिसऱ्या दिवशी सादळला. अंदमानला निघताना आईने दोन किलो बांधून दिला होता. दुहेरी पिशवी, त्यावर रबर, आणि ते सगळं स्टीलच्या डब्यात. दोन दिवस मी तो पुरवून पुरवून खाल्ला. तिसऱ्या संध्याकाळी मूठभर तोंडात टाकला तर पोहे दाताला चिकटले. टेबलावरचा जलरंगाचा कागद उचलला, तोही हाताला तसाच लागला. गार, मऊ, कडा खाली लवलेल्या. काडी ओढली, पेटेना. मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं. बाहेर पाऊस सुद्धा नव्हता. तेव्हा लक्षात आलं, पुढचे पाच महिने आपणही असंच सादळायचंय.

आमच्या शेजारची मुलगी उपयोजित कला शिकते. गेल्या आठवड्यात गच्चीवर आली आणि म्हणाली, "मावशी, मलाही एखाद्या बेटावर राहून काम करायचंय. काय काय न्यायचं ते लिहून दे ना." तिला यादी हवी होती. मी प्रामाणिकपणे वही घेऊन बसले, पहिल्या ओळीला 'हवाबंद डबे' लिहिलं आणि तिथेच अडकले. ती यादी तशीच राहिली, तिच्याऐवजी हे झालं.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गंगापूर रोडला वरच्या मजल्यावरचं घर, गॅलरीत टेबल, समोर गुलमोहर. कामं होती, पण हात एकाच वळणाचा झाला होता. झाड म्हटलं की तेच झाड उतरायचं. म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीला अंदमानातल्या नील बेटावर गेले आणि ऑक्टोबरमध्ये परतले. डिसेंबर 2018 पासून बेटाचं सरकारी नाव शहीद द्वीप आहे, पण धक्क्यावरचे लोक अजून नीलच म्हणतात, म्हणून मीही. मेमध्येच का? कारण हंगाम संपलेला असतो आणि खोली परवडते. हे कारण कलावंताला शोभत नाही, पण खरं आहे.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काळ्या पाण्यावर कशाला जातेस?" नाशिकच्या माणसाच्या कानात अंदमान असंच वाजतं. भगूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिथले दोघे सख्खे सावरकर भाऊ एकाच सेल्युलर जेलमध्ये होते. धाकटे विनायकराव जुलै 1911 मध्ये पोचले, बाबाराव त्यांच्या आधीच तिथे. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर आधी जेल बघितलं. मधोमध मनोरा आणि त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. आता तीनच उरल्यात. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीच्या गजांतून समोर दुसऱ्याचं तोंड कधी दिसूच नये. रेखाटन करायला वही काढली होती. मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीने दोन तासांत नील. आणि तिथे गंमत अशी की गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. मी पंचवटीत जन्मलेली. सीतागुंफेच्या रांगेत लहानपणी वाकून वाकून गुडघे सोललेत. दोन हजार किलोमीटर लांब येऊन पुन्हा सीतापूरलाच खोली मिळावी, याला काय म्हणायचं? फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटांवर जमिनी देऊन वसवलं. नील त्यातलंच एक. घरोघरी बंगाली बोलतात, बाहेरच्यांशी हिंदी. पोर्ट ब्लेअरच्या बाजारातली बरीच भाजी इथल्या वाफ्यांतून जाते.

माझी घरमालकीण साठीच्या पुढची. तिला काय हाक मारायची? तिच्या नातवाचे मित्र मारायचे तीच मी उचलली, 'माशी'. बंगालीत माशी म्हणजे मावशी. एकदा फोनवर आईशी बोलताना मधेच मी ओरडले, "माशी, भात उतरवू का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "अगं, भातात माशी पडली तर टाकून दे तो." माशीला हे समजावून सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून पाच मिनिटं हसत होती. त्यानंतर मला जेवायला बोलावताना ती मुद्दाम "ए माउशी" म्हणायची.

तर पहिली गोष्ट, घड्याळ. देशभर घड्याळ एकच, पण नील नाशिकपेक्षा जवळजवळ 19 अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाचा फरक. नाशिकमध्ये सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमाराला, तिथे सव्वाअकराला. जूनमध्ये पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी पावणेसहाला दिवस बुडतो. मी पहिले आठ दिवस नाशिकच्या सवयीने सातला उठून, चहा घेऊन, आठला कागद लावत होते. तोवर चित्राचा उजेड संपलेला. सूर्य वर चढलेला, आणि काम रंगात येईपर्यंत झाडाची सावली झाडाच्याच बुडाशी गोळा व्हायची. सावली नाही तर माझ्या चित्रात उरतं काय? आपल्याकडे मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो आणि मुलं मैदानात काठ्या रोवून बघतात. नीलला तो एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये येतो, पण त्याच्या आगेमागेही कितीतरी दिवस दुपारी सावलीचा ठिपकाच. शेवटी साडेचारला उठायला लागले. नऊला दुकान बंद. अकराला जेवण, मग झोप. संध्याकाळी साडेसातला सगळीकडे मध्यरात्रीसारखं शांत.

दुसरी गोष्ट जरा लांबवून सांगते, कारण माझं सगळं राहणं तिच्याभोवती फिरलं.

नाशिकचं ऊन हे वाळवणाचं ऊन. चैत्र लागला की गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडगे, शेतांच्या बांधावर बेदाण्यांची शेड. आपण जे टिकवतो ते वाळवून. आणि जलरंग हे मुळात वाळवणाचंच काम आहे, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. पहिला हात दिला, चहाचा घोट घेतला की कागद कोरडा. त्यावर दुसरा हात, मग तिसरा. एप्रिलमध्ये तर रंग ब्रशखालीच सुकतो आणि कडा सुरीसारख्या पडतात. छपराची कडा, सावलीची कडा, पायरीची कडा. शिवाजी तुपे यांची जलरंगातली चित्रं बघत आम्ही वाढलो. घाटाच्या पायऱ्यांवर पडलेलं ऊन कसं धारदार असतं ते तिथे शिकलो.

नीलला पहिला हात दिला सकाळी सहाला. सात वाजले, कागद ओला. साडेसातला वैतागून दुसरा दिला, तर तो पहिल्यात शिरला आणि फुलकोबीसारखे डाग उठले. हेअर ड्रायर नेला होता. पण वीज डिझेल जनरेटरची, ती कधी असायची, कधी नुसती असल्यासारखी. पंधरा दिवसांनी आणखी एक आजार सुरू झाला. चांगल्या जलरंगाच्या कागदावर सरसाचा हात असतो, त्यामुळे रंग वर तरंगून राहतो. दमट हवेत तो सरस ढिला पडतो, बुरशी धरतो. मग रंग टेकवताच कागद तो पिऊन टाकतो, टीपकागदासारखा. महागाचे वीस कागद असे गेले. माशीने ते बघितले आणि उरलेली गठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सरळ तांदळाच्या पिंपात खुपसली. आपण मिठात तांदळाचे दाणे टाकतो तीच युक्ती. पुढचे चार महिने माझ्या कागदांना बासमती नसलेल्या तांदळाचा वास होता. शेजारच्या मुली, यादीत लिही: घरमालकिणीशी भांडू नये.

पण तांदळातून काढलेला कागदही बाहेर तासभरात सादळायचाच. शेवटी हट्ट सोडला तो जून संपताना. वाळण्याची वाट बघणंच बंद. कागद मुळातच चिंब भिजवायचा, सगळे रंग एकाच बैठकीत सोडायचे आणि ओल आहे तोवर जे होईल ते बघत बसायचं. माझ्या चित्रातल्या कडा गेल्या. वीस वर्षं ज्यांच्यावर पोट भरलं त्या कडा. पहिले काही दिवस मला नागडं झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग पावसातला धक्का काढला. ताडपत्रीखाली भाजीच्या गोण्या, बोटीची वाट बघणारी माणसं, मागे समुद्र आणि आभाळ यांची रेघच नाही. ते चित्र मी काढलंय असं मलाच वाटेना.

रंगांबद्दल एक कबुली. पहिल्या महिन्यातली माझी सगळी चित्रं मिठाईच्या दुकानातल्या कॅलेंडरसारखी झाली. उघडीप मिळाली की भरतपूरचं पाणी असं काही फिरोजी होतं की ट्यूबमधून सरळ पिळल्यासारखं. प्रवाळाची पांढरी वाळू खाली, वर उथळ पाणी. पाणी उन्हातला तांबडा रंग गिळतं आणि निळा-हिरवा वाळूवरून परत फिरतो. त्या वाळूतली बरीचशी पोपटमाशांच्या पोटातून आलेली असते. ते प्रवाळ कुरतडून खातात आणि भुकटी मागे टाकतात. हे कळल्यावर मला बरं वाटलं. इतक्या सुंदर गोष्टीत कुणाचं तरी पचन आहे! पण सुंदर गोष्ट समोर असली की चित्रकार आळशी होतो. बेटाची पाठ बघायला हवी: गंजलेले पिंप, बोटीचे टायर, नारळाच्या सोडणांचा ढीग, ओसरीत कधीच न वाळणारे कपडे. माझी ठेवण्यासारखी चित्रं अकरा झाली. त्यात निळा समुद्र एकात आहे, तोही दाराच्या फटीतून.

भरती-ओहोटीचं गणित मला श्रीवर्धनच्या मैत्रिणीने दिलं होतं. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मी मोठ्या रुबाबात लक्ष्मणपूरला गेले, तिथला खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीला नीट बघता येतो. पाण्यात उभी राहिले. गणित जुळेना. हिशोब कोकणाच्या किनाऱ्याचा, इथला समुद्र वेगळा, तिथली भरती वेगळ्या तासाला. पण पाऊण मात्र खरं निघालं. भरती रोज साधारण पाऊण तासानेच पुढे सरकते, ती चंद्राची चाल, किनाऱ्याची नाही. मग भिंतीवर खडूने माझं पंचांग केलं. ओहोटी लागली की कागद भिजवायचा, पाणी पायाशी परत आलं की उठायचं. मला आयुष्यात संपादकाने दिलेली कुठलीही मुदत इतकी पाळता आलेली नाही.

याच दिवसांत एक चाळा सुरू केला. रंग कालवायला समुद्राचंच पाणी. मीठ रंगात असलं की तो सुकताना दाणेदार होतो, जागोजाग बारीक चांदण्या उमटतात. तिथे तर ती चित्रं सुकलीच नाहीत. नुसती कमी ओली झाली.

बाकीचं भराभर सांगते. नारळाखाली बसून चित्र काढायचं नाही, नारळ दिसायला रोमँटिक आणि पडायला दगड. वाळूतली बारीक माशी चावते (ही खरी माशी), खाजवलं की महिना गेला. खारफुटीच्या खाड्यांशी पाण्यात उतरायचं नाही, मगरी असतात. प्रवाळावर पाय कापला तर ती जखम आधी गोड्या पाण्याने धू, शौर्य नंतर. माझी तीन आठवडे भरत नव्हती. कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशीची नक्षी उगवली आणि फोटो कायमचे धुकट झाले. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणायचे नाहीत. कायद्याने बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आजीच्या पेटीत पोवळ्याची माळ आहे, ती सराफ बाजारातून आलेली. ते तांबडं पोवळं वेगळं, भूमध्य समुद्रातलं. इथलं प्रवाळ पाण्याबाहेर काढलं की आठवड्यात करडं होतं आणि वास मारतं.

इंटरनेटचं दुखणं वेगळं. चेन्नईहून समुद्राखालून 2300 किलोमीटरची केबल 2020 मध्ये अंदमानला पोचली, तिच्या आधी काय होतं ते जुने लोक सांगतात आणि आपण गप्प बसायचं. तरी माझ्या खोलीत मोठी फाइल जायची ती रात्री दोनला. एका प्रकाशकाने 'बेटावर मजा चाललीय' म्हणून मानधन तीन महिने लांबवलं. बेटावर मजा करायलाही तांदूळ लागतो, हे त्यांना मेलवर लिहिलं. तो मेलही रात्री दोनला गेला.

आणि बोट. पाऊस तिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो. नाशिक शहरात 700 च्या घरात. इगतपुरीला राहिलेल्याला आकड्याची भीती वाटणार नाही, पण इगतपुरीचा पाऊस चार महिन्यांत आटपतो, तिथला मेपासून डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, आणि वारा सुटला की बोट बंद. ऑगस्टमध्ये सलग चार दिवस बोट नव्हती. दुसऱ्या दिवशी अंडी संपली, तिसऱ्या दिवशी कांदे. आम्ही कांद्याच्या मुलखातले. भाव पडला की रस्त्यावर ओतलेला कांदा बघत शाळेत गेलोय. इथे दुकानदार दोन कांदे तागडीत घालून तिसरा काढून घेत होता. पाचव्या दिवशी बोट लागली. मी धक्क्यावर चित्र काढत होते, समोरून गोण्या उतरत होत्या. लाल जाळीच्या एका गोणीवरचं छापील लेबल वाचलं: लासलगाव. हमालाला म्हटलं, "दादा, ये हमारे यहाँ का है." त्याने गोणी खांद्यावर सावरत विचारलं, "तो फिर आप यहाँ क्या कर रही हैं?"

त्या चार दिवसांत मी सर्वांत जास्त काम केलं. नाशिकमध्ये काम अडलं की मी कुठेतरी जाते. मिसळ खाऊन येते, कॉलेज रोडला उगीच चक्कर मारते, मेनरोडला कापड बघते. तिथे जायला जागा नव्हती. सायकलवर बेट दोनदा फिरून झालं की पुन्हा तोच टेबल, तोच ओला कागद, पत्र्यावर तोच आवाज. कंटाळा आला, तो बसला, मग तो उठून गेला आणि मी तिथेच होते. बेटाने मला दिलं असेल तर एवढंच. निवांतपणा मिळेल असं समजून जाऊ नकोस, पोरी. निवांतपणा गंगापूर रोडला जास्त आहे.

ऑक्टोबरमध्ये घरी आले. स्टेशनवर उतरल्यावर ओठ फुटल्यासारखे झाले, इतकी कोरडी हवा. आईने माझे कपडे गच्चीवर टाकले आणि तासाभरात कडक झालेले घेऊन आली. मी ते नाकाशी धरून बसले. अकरा चित्रंही उन्हात ठेवली. समुद्राच्या पाण्याची तीन चित्रं अखेर वाळली आणि त्यांच्यावर मिठाच्या चांदण्या निघाल्या. त्यातलं एक फ्रेम करून गॅलरीशेजारच्या भिंतीला लावलं: पावसातला धक्का.

या जुलैत नाशिकला झड लागली होती, गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलेलं. शेजारची मुलगी यादी मागायला आली ती त्याच दिवसांत. बोलता बोलता ती चित्रापाशी थांबली. काचेच्या आत, खालच्या कोपऱ्यात, पाण्याचे बारीक थेंब जमले होते. एक ओघळ फ्रेमच्या फटीतून बाहेर आला होता.

"मावशी, भिंत गळतेय का गं तुमची?"

"भिंत कोरडी आहे. चित्राला घाम फुटलाय."

तिने बोट लावलं आणि मी नको म्हणायच्या आत जिभेला टेकवलं.

"खारट आहे!"

"असणारच."

"मग काढून पुसू का?"

"राहू दे. चार दिवसांनी ऊन पडेल, तेव्हा बघू."

ती वही उघडून बसली. मी डब्यातून चिवडा काढला. त्या हवेत तोही सादळला होता, पण तिने खाल्ला.